स्टोअरमधला पोरगा 'अकुशल' कसा?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. फर्स्ट शिफ्ट, सकाळचे पावणेआठ. गेटवर टेम्पो लागलेला आणि ड्रायव्हर घायकुतीला आलेला, कारण त्याला पुढे तळेगावला अजून दोन ठिकाणी माल टाकायचा होता. आमच्या स्टोअरमधल्या पोराने बेअरिंगची खोकी उतरवून घेतली, चलनाशी नग ताडून बघितले, पार्ट नंबर बघितला. सगळं बरोबर. आता चलनावर सही-शिक्का मारायचा आणि टेम्पो सोडायचा, एवढंच राहिलं होतं. पण त्याने एक खोकं फोडलं, बेअरिंग हातात घेतलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि मला हाक मारली. "दादा, हे झेडझेड आलंय. आपल्याला टू-आरएस लागतं ना?"

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. ६२०३ नंबरचं बेअरिंग कुठल्याही कंपनीचं घ्या, आतलं भोक १७ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४०, जाडी १२. झेडझेड असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण, टू-आरएस असेल तर दोन्ही बाजूंना रबराचं सील. दोन्ही एकाच जागी बसतात, कुठेही अडत नाहीत. मशीनवर प्रेस करणाऱ्या ऑपरेटरला फरक कळेलच असं नाही. फरक कळतो तो गाडी चिखलापाण्यातून सहा महिने फिरल्यावर. पत्र्याच्या झाकणाच्या फटीतून पाणी आत जातं, ग्रीस धुऊन निघतं, बेअरिंग ओरडायला लागतं. त्या दिवशी खोक्यावरच्या लेबलवर टू-आरएसच छापलेलं होतं. आत माल दुसरा होता.

हा पोरगा २१ वर्षांचा, बारावी झालेला. त्याच्या पगार स्लिपवर हुद्दा आहे 'हेल्पर' आणि वर्गवारीच्या रकान्यात आहे 'अकुशल'.

किमान वेतनाच्या सरकारी भाषेत अकुशल म्हणजे ज्यात स्वतःच्या डोक्याने निर्णय घ्यावा लागत नाही आणि आधीचा अनुभव लागत नाही, असं साधं काम. त्या सकाळी गेटवर जे झालं त्यात निर्णयही होता आणि अनुभवही होता. वाहन उद्योगाच्या स्टोअरमध्ये राबणाऱ्या हजारो पोरांवर मारलेला हा शिक्का चुकीचा आहे, आणि तो अज्ञानातून पडलेला नाही, सोयीचा आहे म्हणून टिकलेला आहे, असं माझं म्हणणं आहे. मी स्वतः त्याच शिक्क्याखाली सात वर्षं काढली आहेत, तेव्हा हे तिऱ्हाइताचं मत नव्हे.

२०११ साली मी उदगीरहून आलो. त्या काळात आमच्याकडच्या प्रत्येक घरातला एक तरी पोरगा चाकणला किंवा वाळूजला होता. गावातल्याच एकाने ठेकेदाराशी गाठ घालून दिली, आणि मोशीच्या एका खोलीत सातवा माणूस म्हणून माझी वळकटी पडली. दोन शिफ्टची पोरं एकाच गादीवर आळीपाळीने झोपायची. काम मिळालं एका कंपनीच्या स्टोअरमध्ये. घरी सांगताना वडिलांना काय सांगावं कळेना. मशीनवर आहे म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. "गोडाऊनला आहे" म्हटल्यावर ते म्हणाले, "म्हणजे हमालीच ना रे?"

मलाही तसंच वाटलं होतं. पहिल्या दिवशी स्टोअरच्या काकांनी माझ्यापुढे एक क्रेट ओतला. आठ एमएमचे बोल्ट, सगळे मिसळलेले. म्हणाले, "निवड." मी लांबीप्रमाणे ढीग केले. त्यांनी सगळे परत एकत्र केले. मग बोल्टच्या डोक्यावरचे आकडे दाखवले. कुणावर ८.८, कुणावर १०.९. दुसरा जास्त ताकदीचा, सस्पेन्शनसारख्या ठिकाणी लागणारा. मी परत निवडले. काकांनी परत ढीग मोडला आणि हातात एक नट दिला. काही बोल्टवर तो भुर्रकन फिरत गेला, काहींवर दोन आटे चढून अडकला. साधा आटा सव्वा मिलिमीटरचा, बारीक आटा एक मिलिमीटरचा. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखे. दुपारपर्यंत माझे सहा ढीग झाले होते. काका एवढंच म्हणाले, "बोल्टच्या डोक्यावरचं वाचायचं. डब्यावरच्या चिठ्ठीचं काय खरं नसतंय."

डावे-उजवे ब्रॅकेट ओळखायलाही त्यांनीच शिकवलं. गाडीत बरेच पार्ट जोडीने असतात, एलएच आणि आरएच, आरशातल्यासारखे एकमेकांचे उलटे. ट्रॉलीत दोनशे पडलेले असले की भल्याभल्यांचा गोंधळ होतो. काकांची युक्ती अशी: नमस्काराला हात जोडतो तसे दोन ब्रॅकेट समोरासमोर धरायचे. तळव्याला तळवा जुळला तर एक डावा आणि एक उजवा. न जुळता एकमेकांवर चपखल चढले, तर दोन्ही एकाच बाजूचे. ही युक्ती मी नंतर निदान पन्नास पोरांना शिकवली असेल. कुठल्या ट्रेनिंगच्या पुस्तकात ती मला दिसलेली नाही.

मग रबर. ऑइल सील, ओ-रिंग, बूट. रबर पडून पडून म्हातारं होतं, कडक पडतं, चिरतं. म्हणून पाकिटावर बनवल्याची तारीख बघायची आणि जुनं आधी बाहेर काढायचं. याला सगळे फिफो म्हणतात, भिंतीवर बोर्डही असतो. पण बोर्ड लावून फिफो होत नसतो. नवा माल आला की रॅकमधली जुनी खोकी बाहेर काढायची, नवी मागे सरकवायची, जुनी परत पुढे लावायची. हे कंबरेचं काम आहे. सेकंड शिफ्टच्या शेवटी, दहा वाजता, साडेदहाची बस डोळ्यांपुढे असताना कुणीही नवं खोकं पुढेच ठेवून देईल आणि कुणाला कळणारही नाही. जो पोरगा तेव्हाही ते मागे सरकवतो, त्याच्या त्या सवयीवर तुमच्या गाडीचा ऑइल सील गळतो की नाही हे थोडंफार ठरतं.

छोट्या मालाची मोजणी काट्यावर होते. दहा नग ठेवून काट्याला वजन शिकवायचं, मग अख्खी पिशवी ठेवली की आकडा येतो. पण वायसर तेलात भिजलेले असतील किंवा प्लेटिंगचा लॉट बदलला असेल, तर दोन हजारांत वीस-पंचवीसचा फरक सहज पडतो. जुना माणूस पिशवी हातात धरूनच म्हणतो, "हे ओलं आहे, दहावर नको, शंभर नग ठेवून शिकव." पावसाळ्यात गंजाचं वेगळंच. काही जणांच्या हाताचा घामच असा असतो की घासलेल्या पार्टवर दुसऱ्या दिवशी बोटांचे ठसे लाल होऊन उमटतात. आमच्याकडे असा एक गडी होता, त्याला बिचाऱ्याला उन्हाळ्यातसुद्धा हातमोजे घालून फिरावं लागायचं.

हे सगळं इतकं लांबण लावून सांगायचं कारण असं की कुशल-अकुशलवर बोलणारे बहुतेक लोक स्टोअरच्या दारातून आत आलेले नसतात. त्यांना दिसतो तो हँड पॅलेट ओढणारा पोरगा.

आता थोडं मागे जाऊ. टोयोटाच्या हिशेबाने एका मोटारीत शेवटच्या स्क्रूपर्यंत मोजले तर साधारण ३०,००० भाग असतात. एवढे भाग साठवून ठेवायचे तर जागा आणि पैसा दोन्ही अडकतात. म्हणून टोयोटाच्या ताइची ओनो यांनी अमेरिकेतल्या सुपरमार्केटवरून कल्पना उचलली: फळीवरचा माल गेला की तेवढाच परत भरायचा. पुढची पायरी मागेल तेव्हाच आणि मागेल तेवढंच द्यायचं. त्यासाठी जे कार्ड फिरतं ते कानबान. आज चाकण, रांजणगाव, वाळूज, कुठल्याही मोठ्या कारखान्यात हाच मंत्र चालतो आणि त्याच्या तालावर भोसरी-तळवड्यातले शेकडो लहान पुरवठादार नाचतात. लाइनजवळ काही तासांचा माल, तो संपायच्या आत मिल्क रनची, म्हणजे पुरवठादारांकडे फेरी मारून माल गोळा करणारी, गाडी हजर.

पद्धत हुशारीची आहे, वाद नाही. पण साठा कमी झाला की चुकीला जागा उरत नाही. १ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानमधल्या कारिया इथे आयसिन सेइकीच्या कारखान्याला आग लागली. तिथे ब्रेकसाठी लागणारा पी-व्हॉल्व्ह बनत असे. मुठीत मावेल एवढा पार्ट, किंमत किरकोळ. टोयोटाकडे त्याचा साठा काही तासांचाच होता. जपानमधले टोयोटाचे कारखाने काही दिवस जवळपास ठप्प झाले. ती आग होती, जगाच्या लक्षात राहिली. आपल्याकडे आग न लागता रोज कुठे ना कुठे लाइन थांबते. कुणीतरी डावा ब्रॅकेट उजव्याच्या ट्रॉलीत टाकलेला असतो, किंवा संगणकावर चारशे नग दिसत असतात आणि बिनमध्ये, म्हणजे मालाच्या डब्यात, हात घातला तर ऐंशी निघतात. पूर्वी महिन्याचा साठा असायचा तेव्हा स्टोअरवाल्याची चूक रॅकमध्ये मुरून जायची. आता ती चाळीस मिनिटांत लाइनवर पोचते. म्हणजे ज्या काळात या कामाची जबाबदारी कधी नव्हे एवढी वाढली, नेमक्या त्याच काळात ते काम ठेकेदाराने सात-सात महिन्यांसाठी आणलेल्या पोरांकडे गेलं.

हे सात महिने कुठून आले ते पुण्याच्या पट्ट्यात कुणाला सांगावं लागत नाही. औद्योगिक विवाद कायद्यात वर्षात २४० दिवस भरले की ती सलग वर्षाची नोकरी धरली जायची, आणि महाराष्ट्रातल्या आदर्श स्थायी आदेशांप्रमाणे २४० दिवस भरलेल्या तात्पुरत्या कामगाराला कायम होण्याचा हक्क मिळायचा. कायदा कामगारासाठी होता. कंपन्यांनी त्यातून एक कॅलेंडर बनवलं. २४० भरायच्या आत 'ब्रेक'. कामगाराला कायमपणापासून वंचित ठेवण्याच्या हेतूने वर्षानुवर्षं तात्पुरतं म्हणून राबवणं ही महाराष्ट्राच्या १९७१च्या कायद्याने अनुचित कामगार प्रथा ठरवलेली आहे, हेही खरं. पण हेतू सिद्ध करायला कोर्टात जावं लागतं, आणि मोशीतल्या खोलीचं भाडं महिन्याच्या पाच तारखेला द्यावं लागतं.

माझा पहिला ब्रेक असाच झाला. गेटवर कार्ड पंच होईना, वॉचमन म्हणाला ठेकेदाराला फोन लाव. ठेकेदार म्हणाला, "महिनाभर गावाकडं जाऊन ये." माझ्या जागी दुसरा पोरगा आला. नांदेडकडचा, चांगला होता, पण त्याला काकांनी क्रेट ओतून दाखवलेला नव्हता. काकांचंही त्या महिन्यात ऑपरेशन होतं. त्याने बारीक आट्याचे बोल्ट साध्याच्या बिनमध्ये भरले. लाइनवर न्यूमॅटिक गनने ते तसेच ठोकले गेले, वेल्ड-नटचे आटे गेले, पन्नासेक फ्रेम बाजूला काढाव्या लागल्या. वरच्या कंपनीने, म्हणजे जिला आम्ही माल देतो तिने, डेबिट नोट पाठवली, नुकसानीची रक्कम आमच्या बिलातून कापून. मी पाच आठवड्यांनी परत आलो तेव्हा हे ऐकलं. परत आलो ते वेगळ्या ठेकेदाराच्या नावावर, नव्या टोकन नंबरवर, त्याच रॅकवर. कागदावर मी नवीन होतो, अनुभव शून्य. सात वर्षांत असा मी पाच वेळा नवीन झालो.

त्या डेबिट नोटच्या रकमेत माझा वर्षाचा पगार निघाला असता, हे मला नंतर अकाउंटच्या माणसाने सांगितलं. हसत सांगितलं.

आता सगळ्यात महत्त्वाचा कागद. तो भिंतीवर असतो. वाहन उद्योगाला माल पुरवायचा तर आयएटीएफ १६९४९ हे प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी लागतंच, आणि त्यात माणसं त्यांच्या कामाला सक्षम आहेत याच्या नोंदी ठेवाव्या लागतात. म्हणून प्रत्येक विभागात 'स्किल मॅट्रिक्स' नावाचा तक्ता लावलेला असतो. डाव्या बाजूला नावं, वरती कामं, आणि प्रत्येक चौकटीत एक गोल, त्याचे चार भाग. एक भाग काळा केलेला म्हणजे शिकतोय. दोन म्हणजे कुणाच्या देखरेखीखाली करतो. तीन म्हणजे स्वतंत्रपणे करतो. पूर्ण गोल काळा म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. ऑडिटर आला की आधी या तक्त्यासमोर उभा राहतो. माझ्या स्टोअरमध्ये त्या बेअरिंगवाल्या पोराच्या नावापुढे 'इनवर्ड तपासणी' (आत येणाऱ्या मालाची तपासणी) खाली तीन भाग काळे आहेत, 'फिफो' खाली चारही. ते मीच भरलेत आणि खोटे भरलेले नाहीत.

म्हणजे एकच कंपनी एकाच माणसाबद्दल दोन कागद ठेवते. गिऱ्हाइकाला दाखवायच्या कागदावर तो स्वतंत्रपणे काम करणारा, इतरांना शिकवू शकणारा माणूस आहे. पगाराच्या कागदावर तो अकुशल. दोन्हीवर कंपनीचाच शिक्का. कामगार खात्याने माझ्यासारख्यांची मतं विचारायची गरजच नाही. भिंतीवरचा तक्ता काढून पगारपत्रकाशेजारी ठेवावा.

माझी मागणी तेवढीच आहे. स्किल मॅट्रिक्सवर ज्याच्यापुढे तीन भाग भरले, त्याला किमान वेतनात अकुशल दाखवता येऊ नये. निदान अर्धकुशल, आणि चार भरले तर कुशल. त्यासाठी नवी योजना नको, नवं पोर्टल नको, मंत्र्यांच्या फोटोचं प्रमाणपत्र तर नकोच. कंपनीने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेला पुरावा आहे, तो फक्त ग्राह्य धरायचा. आणि ठेकेदार बदलला तरी त्या तक्त्यावरचा गोल माणसाबरोबर गेला पाहिजे. भविष्य निर्वाह निधीचा नंबर आता माणसाबरोबर जातो, ठेकेदार बदलला तरी तोच राहतो. पैशाची नोंद अशी फिरू शकते तर कौशल्याची का नाही?

यावर पहिला आक्षेप माझ्याच मालकांचा आहे. माणूस वाईट नाही. भोसरीत भाड्याच्या शेडमध्ये दोन मशीनवर सुरुवात केलेली. ते म्हणाले, "तू म्हणतोस तसं लिहितो. वरची कंपनी मला दर वाढवून देणार आहे का?" वरच्या कंपनीला दरवर्षी किंमत कमी करून हवी असते. लहान उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे असं २००६च्या कायद्यात आहे. १ एप्रिल २०२४ पासून तर मुदतीत पैसे न दिल्यास त्या खर्चाची आयकरात वजावट त्या वर्षी मिळत नाही, अशीही तरतूद आली. तरी पैसे अडकायचे ते अडकतातच, असं ते सांगतात, आणि त्यांची फोनाफोनी मी रोज ऐकतो. त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण मग वरच्या कंपनीचं ऑडिट येतं तेव्हा अग्निशामक नळकांड्याची तारीख तपासली जाते, चाळीस पानांची चेकलिस्ट असते, तिच्यात एक ओळ वाढवायला काय हरकत आहे? तक्त्यावर तीन भाग आणि स्लिपवर अकुशल असेल तर ती 'नॉन कन्फॉर्मिटी', म्हणजे ऑडिटमधली त्रुटी, एनसी. ऑडिटमध्ये एक एनसी पडली की आठवड्यात काय काय हलतं ते मी पाहिलंय. कामगार अधिकाऱ्याच्या दहा नोटिसांनी ते हलत नाही.

मालकांचा दुसरा मुद्दा जास्त टोचणारा आहे. पोरं टिकतच नाहीत, म्हणतात. पाचशे रुपये जास्त मिळाले की शेजारच्या कंपनीत, नाहीतर पाठीवर पिशवी अडकवून डिलिव्हरीला. हे मी रोज बघतो. परवाच एक पोरगा गेला, निरोपही न देता. पण सात महिन्यांनी आपल्याला काढणार हे ज्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, त्याने पाचव्या महिन्यात आपणहून जाऊ नये अशी अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची?

तिसरा आक्षेप शिकलेल्या लोकांचा. आता स्कॅनर आलेत, बारकोड आलेत, सगळं सॅप नावाच्या संगणक प्रणालीत असतं, मग डोकं कुठे लागतं? माझं उत्तर त्या टेम्पोतच आहे. स्कॅनर लेबल वाचतो. त्या दिवशी आमच्या स्कॅनरने ते खोकं मुकाट्याने हिरवं दाखवलं होतं. सिस्टिममध्ये माल योग्य होता, दर योग्य होता, नग योग्य होते. चुकीचं होतं ते फक्त बेअरिंग. यंत्राने काम हलकं झालं, हे खरं. आमच्या वेळी बिन कार्डवर पेनाने लिहून लिहून बोटं निळी व्हायची, तो त्रास गेला. पण यंत्र जितकं लेबलवर विसंबतं, तितकी लेबलावर अविश्वास दाखवणाऱ्या माणसाची किंमत वाढायला हवी. बाजारात मात्र उलटं घडलं. स्कॅनर हातात आला म्हणून पोराला 'बटण दाबणारा' म्हणायला लागले.

आणि मग 'शिकाऊ'. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे शिकाऊ हा कामगार नसतो, त्याला विद्यावेतन मिळतं आणि कामगार कायदे बहुतांशी लागू होत नाहीत. जिथे खरंच शिकवलं जातं, तिथे या कायद्याने पिढ्या घडवल्या. पिंपरी-आकुर्डीच्या जुन्या कारखान्यांतले कितीतरी फोरमन शिकाऊ म्हणूनच गेटातून आत आले होते. पण स्टोअरमध्ये शिकाऊ म्हणून घेतलेल्या पोराला शिकवतं कोण? पहिल्या आठवड्यात त्याच्या हातात ट्रॉली आणि महिन्यात पूर्ण शिफ्ट. २०२४ साली राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, बारावीवाल्याला ६,०००, आयटीआय-पदविकावाल्याला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये महिना. आधी सहा महिन्यांसाठी, मग मुदत अकरा महिने झाली. पुढे काय, म्हणून हीच पोरं रस्त्यावर उतरली. मला त्या पैशांचा राग नाही, घरी चूल पेटते त्याने. पण प्रशिक्षण संपल्यावर पोराच्या हाती जो कागद पडतो त्यावर तो अमुक महिने 'होता' असं असतं. त्याला काय 'येतं' ते नसतं.

नवीन श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यात मुदतीच्या नोकरीवाल्याला कायम कामगारासारखेच लाभ आणि एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. पाच वर्षांऐवजी एक, चांगली गोष्ट. फक्त आमच्या कॅलेंडरमध्ये वर्ष सात महिन्यांचं असतं.

हे काम सरकारने पूर्वी एकदा केलेलं आहे, म्हणून मी आशा धरून आहे. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसापेक्षा जास्त 'अकुशल' कोण मानला गेला असेल? तरी १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला, त्यामागे अण्णासाहेब पाटलांची चळवळ होती. मंडळं झाली, नोंदणी झाली, मालक बदलला तरी हमालाचा हिशेब मंडळाकडे राहिला. त्या कायद्याच्या नावाखाली आज चाकण पट्ट्यात काही टोळ्या कंपन्यांकडून पैसे उकळतात, ही तक्रार उद्योजक उघड करतात आणि ती खरी आहे. मी स्वतः गेटवर असली माणसं पाहिलीत. पण टोळ्यांमुळे कायद्याची मूळ कल्पना खोटी ठरत नाही. दहा दारी काम करणाऱ्या माणसाचा हिशेब एका जागी ठेवता येतो, हे तिने दाखवलं. माझ्या वडिलांनी स्टोअरच्या कामाला हमाली म्हटलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आता वाटतं, हमालाला निदान मंडळ तरी होतं.

दरवर्षी ३१ मार्चला स्टॉक टेकिंग असतं. लाइन बंद, दिवसभर मोजणी. ऑफिसमधले लोकही पांढरे शर्ट घालून खाली उतरतात, हातात क्लिपबोर्ड. त्या एका दिवशी सगळे स्टोअरच्या पोरांना विचारत फिरतात. "हे कुठलं रे?" "हा लॉट वेगळा का ठेवलाय?" "ती वरची खोकी कुणाची?" या वर्षी फायनान्सचे साहेब त्या बेअरिंगवाल्या पोरामागे तासभर हिंडत होते. मोजणीत फरक आला चौदा नगांचा, आमच्यासारख्या स्टोअरला ही जवळजवळ फुशारकीची गोष्ट. साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, समोसे मागवले.

त्यानंतर त्याचा नेहमीचा ब्रेक झाला, तो परत आला, नव्या टोकनवर. आता पुन्हा सात महिने भरत आलेत. ऑडिट या महिन्याच्या १८ तारखेला आहे. त्याचा गेट पास १६ला संपतो. ऑफिसमधून मला विचारलंय, मॅट्रिक्सवरून त्याचं नाव आत्ताच काढायचं, की ऑडिट होईपर्यंत राहू द्यायचं.